टाकीला रोजचा घास

बेळगावहून खानापूर, लोंढा करत गोव्याकडे निघालं की अनमोडचा घाट लागण्याआधी रामनगर येतं. काळी नदीवर सुपा धरण झालं, जुनं सुपा गाव पाण्याखाली गेलं आणि उठलेल्या कुटुंबांपैकी बरीच इथे येऊन वसली. त्यांची घरं ज्या पाण्याखाली गेली त्याच पाण्यावर वीज तयार होते. चुलीचा प्रश्न मात्र त्या विजेनं सुटलेला नाही. उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातलं हे रस्त्यावरचं गाव. बाजार, खानावळी, चहाची हॉटेलं, कोंबडीची दुकानं, येणारी-जाणारी वाहनं. वस्ती संपली की रान सुरू. काळी व्याघ्र प्रकल्पानं तालुक्याचा मोठा भाग व्यापलेला आहे. रानाच्या कडेकडेनं कुणब्यांच्या वाड्या आणि धनगर गवळ्यांचे वाडे. मराठी, कोकणी, कानडी तिन्ही भाषा एकाच दुकानाच्या पायरीवर ऐकू येतात.

या मुलखात शेण आणि खरकटं यांना तोटा नाही, आणि जळण व खत यांची टंचाई कायमची. जळण रानातून डोक्यावरून येतं नाहीतर सिलिंडरमधून. खत पोत्यातून येतं. शेण मात्र उकिरड्यावर पावसात धुऊन जातं आणि हॉटेलातलं खरकटं गावाबाहेर कुठेतरी ओतलं जातं. या दोन टोकांची गाठ मारणारं तंत्र शंभर वर्षांहून जुनं आहे. आपण त्याला गोबर गॅस म्हणतो आणि म्हणताना बहुतेकांच्या डोळ्यांपुढे येते ती बंद पडलेली, गंजलेली, गवत उगवलेली टाकी. सरकारी उद्दिष्टं पुरी करण्यासाठी बांधलेल्या अशा टाक्या महाराष्ट्रात आणि कर्नाटकात गावोगाव दिसतात. पण याच उत्तर कन्नड जिल्ह्यात, शिरसी तालुक्यात, त्याच बनावटीच्या टाक्या वर्षानुवर्षं चालू आहेत. हा फरक कशामुळे पडतो ते समजायचं तर आधी टाकीच्या आत डोकवायला हवं. अर्थात विचारानं, प्रत्यक्ष डोकावणं जिवावर बेतू शकतं, ते पुढे येईलच.

हवा लागली की शेण, पालापाचोळा, भात सगळं कुजतं आणि त्यातली ऊर्जा उष्णता होऊन उडून जाते. उकिरडा उकरला की वाफ येते ती हीच. हवा पूर्ण तोडली तर मात्र वेगळ्याच जिवाणूंचं राज्य सुरू होतं. त्यांच्या चार टोळ्या एकामागून एक काम करतात. पहिली टोळी भात, भाकरी, गवत यांतले मोठे रेणू तोडून साखर, आम्लं, चरबीचे तुकडे असं विरघळणारं खाद्य करते. दुसरी त्या तुकड्यांपासून आम्लं, मद्यार्क, हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड बनवते. तिसरी ती आम्लं आणखी मोडून प्रामुख्यानं व्हिनेगरमधलं अ‍ॅसेटिक आम्ल तयार करते. चौथी टोळी मिथेनकारी सूक्ष्मजीवांची. हे खरं तर जिवाणूही नव्हेत. १९७७ मध्ये कार्ल वूज या अमेरिकी शास्त्रज्ञानं दाखवलं की त्यांची वंशावळच निराळी आहे. आज त्यांना आर्किया म्हणतात. प्राणवायूचा वाराही त्यांना सोसत नाही. अ‍ॅसेटिक आम्ल फोडून किंवा हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड जोडून ते मिथेन सोडतात. तळ्याच्या गाळातून येणारे बुडबुडे त्यांचेच. इटलीच्या मॅजोरे सरोवरात काठीनं गाळ ढवळून ते बुडबुडे गोळा करण्याचं आणि तो वायू जळतो हे पाहण्याचं काम व्होल्टानं १७७६ मध्ये केलं होतं.

गायी-म्हशीच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यातही हेच चाललेलं असतं. तिथला मिथेन ढेकरांतून बाहेर जातो आणि सूक्ष्मजीव शेणाबरोबर उतरतात. म्हणून नवी टाकी सुरू करताना शेण लागतंच, मग पुढे तिला काहीही खाऊ घाला. या अर्थानं शेण हे टाकीचं विरजण. जनावरानं पचवून उरलेला चोथा असल्यामुळे त्यात गॅस देणारं द्रव्य मुळात कमीच असतं.

या सगळ्यात एक चकित करणारा हिशेब आहे. ग्लुकोजच्या एका रेणूपासून मिथेनचे तीन आणि कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू होतात. ग्लुकोजमध्ये जेवढी ऊर्जा होती तिच्यातली नव्वद टक्क्यांहून जास्त त्या तीन मिथेनमध्ये शाबूत राहते. प्राणवायू नसल्यामुळे सूक्ष्मजीवांना स्वतःसाठी फार थोडी ऊर्जा काढून घेता येते; उरलेली आपल्याला शेगडीवर मिळते. भट्टी नाही, पंप नाही, वीज नाही. इंधन बनवण्याची इतकी काटकसरी रीत माणसाला कारखान्यात सहजी साधलेली नाही.

काटकसरीची किंमत वेळात मोजावी लागते. चौथी टोळी फार सावकाश वाढते. पहिल्या दोन टोळ्या तासा-दोन तासांत दुप्पट होऊ शकतात. मिथेनवाल्यांना त्यासाठी कित्येक दिवस लागतात. टाकीचे बहुतेक आजार यातूनच येतात. शनिवारी लग्नाचं जेवण झालं, पन्नास किलो भात-शिरा उरला आणि सगळा एकदम टाकीत ओतला, तर आम्ल करणारे खूश होऊन आम्ल करत सुटतात आणि ते संपवणारे मागे पडतात. मिथेनवाल्यांना सामू साधारण ६.८ ते ७.५ च्या दरम्यान लागतो. आम्ल साचून तो खाली घसरला की ते काम थांबवतात, मग आम्ल आणखी साचतं. टाकी ‘आंबली’ असं म्हणतात ती हीच अवस्था. गॅस येत राहतो पण पेटत नाही, कारण तो जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड असतो. उपाय साधा आहे: खाणं बंद करायचं, थोडा चुना, ताजं शेण आणि धीर. अडचण इतकीच की चार दिवस गॅस नाही म्हटल्यावर घरात सिलिंडर येतो, टाकीकडे जाणारे पाय थांबतात आणि मग ती कायमचीच बंद पडते.

आपल्याकडचा पहिला ठळक प्रयोग मुंबईतला. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ मध्ये संडासाच्या टाकीतला गॅस गोळा करून दिव्यांसाठी वापरला गेला आणि १९०७ मध्ये त्यावर इंजिनही चालवलं. पुढे १९३९ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले, जशभाई पटेल यांनी तरंगत्या टाकीचा नमुना घडवला आणि साठच्या दशकात खादी आयोगानं तो देशभर नेला. १९८४ मध्ये विटांच्या घुमटाचा, जमिनीखालचा ‘दीनबंधू’ नमुना आला. लोखंड गेल्यामुळे तो स्वस्त आणि न गंजणारा झाला. आज घराशेजारी दिसतात त्या बहुतेक याच पठडीतल्या. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास, खत आणि गॅस यांचा एकत्र विचार केला. देहूच्या आरोग्य केंद्रातल्या डॉ. मापुसकरांनी संडासाला जोडलेल्या गॅस टाकीसाठी आयुष्य घातलं आणि त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मैल्यावरच्या गॅसवर शिजवलेलं जेवण जेवायचं की नाही हा वाद तेव्हाही होता, आजही आहे. ज्योतीला जात नसते, एवढंच त्यावर म्हणता येईल.

मला मात्र या इतिहासातला सगळ्यात रंजक माणूस वाटतो तो डॉ. आनंद कर्वे. महर्षी कर्व्यांचे नातू, इरावतीबाईंचे चिरंजीव, पेशानं वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यांनी एक साधा प्रश्न विचारला: जनावराच्या पोटातले सूक्ष्मजीव काय खातात? जनावर जे खातं ते. मग आपण त्यांना पचून उरलेला चोथा का देतो, सरळ अन्नच का देत नाही? पुण्याच्या ‘आरती’ संस्थेत त्यांनी पाण्याच्या दोन प्लास्टिकच्या टाक्या घेतल्या, एक हजार लिटरची आणि एक साडेसातशे लिटरची. वरची बाजू कापून एकीत दुसरी उलटी बसवली. आणि तिला शेणाऐवजी उरलेला भात, कणीक, नासलेली फळं, पेंड असं दिलं. सुमारे दोन किलो पिठूळ किंवा साखरेचं खाद्य चाळीस किलो शेणाइतका गॅस देतं, आणि तोही चाळीस दिवसांऐवजी दिवसभरात, असं त्यांचं म्हणणं होतं. या टाकीसाठी संस्थेला २००६ मध्ये लंडनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

हे खरं असेल का? कागद-पेन्सिलीनं तपासता येतं. एक किलो कोरडा स्टार्च पूर्ण मोडला तर रसायनशास्त्राच्या नियमानं फार तर ४१५ लिटर मिथेन होईल. दोन किलोचे साधारण आठशे लिटर. उलट बाजूला एक किलो ओलं शेण सुमारे ४० लिटर गॅस देतं, त्यात मिथेन ५५ ते ६० टक्के. म्हणजे चाळीस किलो शेणाचे १,६०० लिटर गॅस आणि नऊशेच्या आसपास लिटर मिथेन. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कर्व्यांचं म्हणणं हिशेबात बसतं. फक्त दोन किलो ‘कोरडं’ हे विसरायचं नाही. शिजलेल्या भातात सत्तर टक्के पाणीच असतं. म्हणून किलोभर शिळा भात किलोभर शेणाच्या साधारण पाचपट गॅस देईल, वीसपट नाही. तेल-तूप या सगळ्यांवर कडी करतं: एक किलो चरबीतून हजार लिटरपर्यंत मिथेन निघू शकतो. पण चरबी जास्त झाली की वर साय धरते आणि सूक्ष्मजीवांना बाधते. भज्यांच्या कढईतलं उरलेलं तेल टाकीत ओतण्याचा मोह आवरावा.

नुसत्या पिठूळ खाद्याची आणखी एक गोम आहे. त्यात नत्र कमी, आणि आम्ल झेलणारे क्षार तर नाहीतच. शेणात दोन्ही असतं. म्हणून माझ्या मते खेड्यासाठी ‘शेण की खरकटं’ हा प्रश्नच चुकीचा. गोठा असेल त्या घरानं शेणाच्या काल्यात रोजचं खरकटं मिसळावं. शेणामुळे टाकी सांभाळली जाते, खरकट्यामुळे गॅस वाढतो. मिसळू नये ते सांगायचं तर हाडं, अंड्याची टरफलं, नारळाची शेंडी, लिंबाच्या ढीगभर साली आणि सुपारीची सोलं. सुपारीच्या सोलात आणि लाकडात लिग्निन असतं. हवेशिवाय काम करणारे सूक्ष्मजीव त्याला जवळजवळ हात लावत नाहीत. ते महिनोन्‌महिने तसंच तरंगत राहतं आणि वर जाड थर धरतं.

आता शिरसीकडे वळू. रामनगरहून तो तालुका फार लांब नाही, पण जग वेगळं. पोफळीच्या बागा, गोठ्यात बांधलेली जनावरं, घराला लागून बाग. बागेला खत हा तिथे जगण्या-मरण्याचा प्रश्न. शतकानुशतकं रानातला पाला आणि शेण यांवर सुपारी पोसली गेली. पी. आर. भट, एच. एन. चाणक्य आणि एन. एच. रवींद्रनाथ यांनी २००१ मध्ये शिरसीच्या गोबर गॅसचा अभ्यास छापला. पाहणीतल्या गावांत बांधलेल्या जवळजवळ सगळ्या टाक्या चालू होत्या आणि बहुतेक घरांचा स्वयंपाक त्यांवर होत होता. देशात अन्यत्र कित्येक टाक्या बंद पडत असताना हे कसं? त्यांनी दिलेली कारणं नीट वाचण्यासारखी आहेत. टाक्या बांधून देणाऱ्या एकाहून अधिक संस्था आणि गवंडी-ठेकेदार तिथे होते, त्यांच्यात चढाओढ होती. गॅस येईल याची हमी बांधणारा देत होता. बिघडलं तर फुकट येऊन दुरुस्त करत होता. अनुदानाचे, कर्जाचे कागद तोच फिरवत होता. शेतकऱ्याच्या वाट्याला उरलं ते रोज शेण घालणं. आणि ते तो घालत होता, कारण टाकीच्या दुसऱ्या तोंडातून निघणारी मळी त्याला बागेसाठी हवी होती. गॅस त्याच्या लेखी वरकड होता असं म्हटलं तरी चालेल.

खताची ही बाजू आपल्या बोलण्यात नेहमी मागे पडते. गॅस बनून जातो तो कार्बन, हायड्रोजन आणि प्राणवायू. नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ सगळं मळीत उरतं. उलट नत्राचा काही भाग पिकाला लगेच घेता येईल अशा अमोनियम रूपात येतो. शेणाची शेणी थापून जाळली की नत्र धुरात जातं, शेतात काहीच परत येत नाही. टाकीतून गेलेल्या शेणात तणाचं बरंचसं बी मरतं, वास कमी होतो, माशा बसत नाहीत. मळी मात्र उघड्यावर पावसात सोडू नये. सावलीच्या खड्ड्यात पालापाचोळ्यावर शोषून घेतली तर तिचं सोनं होतं.

सिंधुदुर्गात कुडाळ तालुक्यातल्या झारापला डॉ. प्रसाद देवधर यांच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठाननं हजारो घरांत गोबर गॅस नेला, तोही साधारण याच वाटेनं: गावातलेच गवंडी तयार करायचे, बँकेचं कर्ज जोडून द्यायचं आणि बांधून झाल्यावर पाठ फिरवायची नाही. कोकणातला पाऊस आणि रामनगरचा पाऊस सारखाच झोडपणारा, जमीनही तीच जांभ्याची. त्यामुळे आपल्याला धडा घ्यायचा तर तो पंजाबच्या गोठ्यांपेक्षा झारापचा आधी घ्यावा. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी वर येतं, कच्च्या बांधणीच्या टाकीत झिरपतं, आणि रिकामी टाकी असेल तर तिला खालून उचलूही शकतं. शेण कालवायच्या कुंडीत पागोळ्यांचं पाणी पडलं की काला पातळ होतो आणि न पचताच पुढे ढकलला जातो. थंडीत तर गॅस निम्म्यावर येऊ शकतो, कारण सूक्ष्मजीवांना ३५ अंशांच्या आसपासची ऊब आवडते. कुंडीवर झाकण, टाकीचं तोंड जमिनीपासून चांगलं वर, सावलीच्या झाडाखाली बांधायचं नाही, आणि थंडीच्या दिवसांत काल्याला उन्हात तापलेलं पाणी. या गोष्टी गवंड्याला ठाऊक असतात. आग्रह घरच्यांनी धरायचा.

काला करण्याचं काम पाहिलं म्हणजे सगळा प्रकार कळतो. सकाळी गोठा काढला की घमेलंभर शेण कुंडीत पडतं. तितकंच पाणी ओतून बाई हातानं किंवा फावड्यानं ते मोडते, काडीकचरा आणि गवताची पेंढी वेचून बाहेर टाकते, आणि गुठळ्या राहिल्या नाहीत की पाइपाचा बोळा काढते. हिरवट काळा काला गपकन आत जातो. पलीकडच्या तोंडातून तेवढीच जुनी मळी हळूच वर येते, तिच्यावर बारीक बुडबुडे फुटत असतात. सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं. स्वयंपाकघरातली ज्योत निळी असते, दिवसा उजेडात तर दिसतही नाही. तव्याचा चटका बसल्यावर कळतं. सिलिंडरची शेगडी तशीच लावून चालत नाही. या गॅसचा दाब कमी, आणि त्यात कार्बन डायऑक्साइडही मिसळलेला, म्हणून शेगडीचं नोझल मोठ्या भोकाचं लागतं.

धोक्याचं दोन शब्दांत. मिथेन हवेत ५ ते १५ टक्के मिसळला तर ठिणगीनं स्फोट होतो, म्हणून नव्या टाकीतला पहिला, हवा मिसळलेला गॅस सोडून द्यायचा. आणि टाकी साफ करायला माणसानं आत उतरायचं नाही. गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड सडक्या अंड्यांसारखा वास देतो खरा, पण जास्त प्रमाणात तो नाकच बधिर करतो. वास येत नाही म्हणजे गॅस नाही, या समजुतीनं माणसं गेली आहेत. एकाला काढायला उतरलेला दुसराही जातो. गळती हा आणखी एक तोटा. न जळता निसटलेला मिथेन हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा शंभर वर्षांच्या हिशेबात २७-२८ पटींनी भारी. गळकी टाकी बांधण्यापेक्षा न बांधलेली बरी.

मोठ्या प्रकल्पांची कहाणी निराळी आणि बरीचशी खरकटं वेगळं करण्याभोवती फिरणारी. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या डॉ. शरद काळे यांनी ‘निसर्गऋण’ नमुना केला. त्यात ओला कचरा आधी हवेत, उष्णतेत फोडला जातो आणि मग बिनहवेच्या टाकीत जातो. गाड्यांना बंदी असलेल्या माथेरानला तो बसला, कारण तिथून कचरा खाली नेणंच महाग. गोव्यात साळगावला २०१६ पासून ओल्या कचऱ्याच्या गॅसवर वीज होते. होळकरांच्या इंदूरला २०२२ मध्ये दिवसाला ५५० टन ओला कचरा पचवणारा प्रकल्प सुरू झाला. त्यातून दिवसाला १७ हजार किलोपर्यंत शुद्ध गॅस निघावा अशी त्याची क्षमता, आणि शहराच्या बसगाड्या त्यावर धावतात. यंत्र परदेशी असो की देशी, इंदूरचं खरं बळ म्हणजे घराघरात ओला-सुका वेगळा करण्याची लागलेली सवय.

गॅसमधला कार्बन डायऑक्साइड आणि गंधकाचा वायू काढून मिथेन नव्वद टक्क्यांवर नेला आणि दाबून नळकांड्यात भरला की तो गाडीत सीएनजीसारखा चालतो. केंद्र सरकारनं ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘सतत’ योजना आणून अशा पाच हजार प्रकल्पांचं स्वप्न दाखवलं. सहा वर्षांनंतरही चालू प्रकल्पांची संख्या शंभराच्या आसपासच घुटमळत होती. गॅसला गिऱ्हाईक होतं, पेट्रोलियम कंपन्या घ्यायला तयार होत्या. अडलं ते वर्षभर पुरेल असा कच्चा माल मिळण्यात आणि रोज निघणारं टनावारी खत विकण्यात. आपल्या भागात हळियाळला साखर कारखाना आहे, त्याच्या प्रेसमडपासून, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेल्या गाळापासून, गॅस होऊ शकतो. पण गाळप चार-पाच महिन्यांचं आणि टाकीला खायला बारा महिने लागतं. ही तूट भरायला काही जण शेतात नेपियर गवत लावा म्हणतात. जर्मनीनं हेच मक्याच्या बाबतीत केलं, मैलोन्‌मैल मका टाक्यांसाठी पिकवला आणि मग २०१२ मध्ये कायद्यानं त्याला लगाम घातला. डेन्मार्कनं गोठ्यांच्या मळीवर आणि अन्नप्रक्रियेच्या कचऱ्यावर भर दिला. आज तिथल्या पाइपांतल्या गॅसचा जवळजवळ चाळीस टक्के भाग असा आहे. चांगल्या जमिनीत टाकीसाठी पीक घेणं मला पटत नाही. कचऱ्यातून इंधन काढण्यातच या तंत्राचं शहाणपण आहे.

मग रामनगरनं काय करावं? घरगुती टाकीचा हिशेब असा. दोन घनमीटरच्या टाकीला रोज सुमारे ५० किलो शेण लागतं. एक घनमीटर गॅस साधारण ०.४३ किलो सिलिंडरच्या गॅसइतकं काम करतो. म्हणजे दोन घनमीटर रोज मिळाले तर सोळा-सतरा दिवसांत एक १४.२ किलोचं सिलिंडर वाचतं. चार-पाच माणसांचा स्वयंपाक एवढ्यात बसतो. खोच शेणाच्या आकड्यात आहे. सरकारी तक्ते गोठ्यात बांधलेल्या जनावरांचे. रामनगरच्या भोवतालची जनावरं दिवसभर रानात चरतात. दिवसाचं शेण रानात पडतं, गोठ्यात मिळतं ते रात्रीचं. मलनाड गिड्डा ही इथली गाय तर बुटकी, खाणं कमी आणि शेणही कमी. तक्त्यात ‘पाच जनावरं’ असं लिहिलं असेल तिथे इथे आठ-दहा लागू शकतात. गवळीवाड्यावर म्हशी भरपूर, तिथे अडचण नाही. दोन गायींच्या कुणबी घराला मात्र दोन घनमीटरची टाकी बांधून देणं म्हणजे ती उपाशी ठेवणं. त्या घरानं एक घनमीटरची टाकी घ्यावी, त्यात रोजचं खरकटं, फणसाच्या मोसमात चारखंडं आणि कुजलेली केळी घालावीत, आणि उरलेला स्वयंपाक चुलीवर करावा. अर्धी मोळी वाचली तरी रानाचं आणि बाईच्या मानेचं ओझं अर्धं होतं. शिवाय जनावरांचं आणि वाघाचं रान आहे. जळणासाठीची एक फेरी कमी झाली तरी जीव वाचण्याची गोष्ट आहे.

रस्त्यावरच्या खानावळींचा हिशेब आणखी सोपा. एक टन ओलं खरकटं सुमारे शंभर घनमीटर गॅस देतं. चार हॉटेलांचं मिळून दिवसाला ५० किलो खरकटं निघतं असं धरलं तर रोज पाच घनमीटर, म्हणजे दोन किलोहून थोडा जास्त सिलिंडरचा गॅस. १९ किलोचं व्यापारी सिलिंडर नऊ दिवसांत एक वाचेल. हा गॅस बाटलीत भरून विकण्याच्या नादी लागू नये. टाकी हॉटेलाच्या मागे हवी आणि गॅस तिथल्याच शेगडीवर जळायला हवा, म्हणजे वाहतुकीत पैसा जात नाही. ग्रामपंचायतीला करायचं असेल तर तिनं गवंडी आणि एक दुरुस्तीवाला असे दोघं शिकवून तयार ठेवावेत, वर्षाचा करार करावा आणि प्लास्टिकच्या पिशवीसकट खरकटं देणाऱ्याला दंड लावावा.

अनुदानाचा अर्ज भरण्याआधी मात्र एक काम प्रत्येकानं आपापल्या घरी करून पाहावं. आठ दिवस गोठ्यातलं शेण घमेल्यानं मोजून वहीत लिहावं, रात्री उरलेलं खरकटं ताणकाट्याला लावावं, आणि त्या आठ दिवसांत शेण उचलायला घरातलं कोण उठलं त्याचं नावही समोर लिहावं. त्या वहीत येईल त्याच मापाची टाकी बांधावी. आठही दिवस एकच नाव असेल, तर टाकी बांधण्याआधी त्या माणसाला विचारावं.